इंग्रजी शिकवायचंय? मग मराठी सोडू नका

‘बी.ए. इंग्रजी करून पुढे काय, शाळामास्तरच ना?’ बारावीच्या निकालानंतर पुण्यातल्या कितीतरी घरांत हा प्रश्न थोड्या निराशेनेच विचारला जातो. मुलीला गोष्टींची, नाटकाची, भाषेची ओढ असते आणि आईवडिलांना पगाराची, जागांची काळजी. दोन्ही रास्त आहेत.

आधी ओढीबद्दल. याच शहरात जानेवारी 1880 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी टिळक आणि नामजोशी यांच्यासह न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं. त्यासाठी त्यांनी सरकारी हायस्कूलमधली शिक्षकाची नोकरी सोडली होती. शाळेच्या नावात इंग्लिश होतं, पण शास्त्रीबुवांची ‘निबंधमाला’ 1874 पासून मराठीत निघत होती. जॉन्सनच्या ‘रासेलस’चं वडिलांनी हाती घेतलेलं भाषांतरही त्यांनी पुरं केलं. त्याच शाळेत शिकवणाऱ्या आगरकरांनी 1883 मध्ये ‘हॅम्लेट’ला ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणलं. या माणसांची इंग्रजी पक्की होती, कारण ती सतत दोन भाषांमध्ये ये-जा करत होती. माझ्या मते चांगल्या इंग्रजी शिक्षकाची हीच पहिली ओळख आहे आणि आजही ती बदललेली नाही.

म्हणून ‘आमची मुलगी मराठी माध्यमातली, तिला जमेल का?’ या शंकेला माझं उत्तर स्पष्ट ‘हो’ असं आहे. आठवीच्या वर्गात एक मुलगा वहीत लिहितो : ‘आय हॅड गॉन टू सिंहगड यस्टरडे.’ नुसतं इंग्रजी जाणणारा शिक्षक त्यावर लाल रेघ मारेल. मराठीही जाणणाऱ्या शिक्षिकेला लगेच कळतं की पोराच्या मनात ‘मी काल सिंहगडावर गेलो होतो’ हे वाक्य आहे. आपण साध्या भूतकाळासाठीही सर्रास ‘गेलो होतो’ म्हणतो, इंग्रजीत तिथे नुसतं ‘वेन्ट’ लागतं. ती दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते आणि पाच मिनिटांत अख्ख्या वर्गाची चूक सुधारते. ज्या घरात इंग्रजीचा एक शब्द बोलला जात नाही, तिथून आलेल्या शिक्षिकेला ही अडचण आतून माहीत असते. महाराष्ट्रात 2000 सालापासून सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही दहावीपर्यंत मुलं बोलायला कचरतात. त्यांना बोलतं करणारं माणूस हवं आहे.

आवडी कोणत्या असाव्यात? वाचन हवंच, पण फक्त नेमलेल्या पुस्तकांचं नको. अप्पा बळवंत चौकातून गाइडं घेऊन बी.ए. होता येतं, शिक्षक होता येत नाही. शाळेच्या किंवा कॉलेजच्या नाटकात काम केलेलं असेल तर उत्तम, कारण पन्नास-साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोहोचवणं हे या कामातलं रोजचं कसब आहे. भाषांतराचा नाद असेल तर सोन्याहून पिवळं. आणि लहान मुलांचा कंटाळा येत असेल, तर कितीही गुण असले तरी या वाटेला जाऊ नये. हे मी कळकळीने सांगते.

आता काळजीबद्दल. पदवीनंतर दोन वर्षांचं बी.एड. करावं लागतं. त्यासाठी राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा असते आणि खुल्या गटाला पदवीत किमान 50 टक्के लागतात. अकरावी-बारावीला शिकवायचं असेल तर एम.ए. हवं. सहावी ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षेचा (टीईटी) दुसरा पेपर उत्तीर्ण व्हावा लागतो. इथे बरेच इंग्रजीवाले गाफील राहतात, कारण त्या पेपरात गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांपैकी एक गट घ्यावाच लागतो. राज्याच्या पवित्र पोर्टलवरून होणाऱ्या शिक्षकभरतीसाठी 200 गुणांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी वेगळी असते.

पैशांचं चित्र संमिश्र आहे. अनुदानित माध्यमिक शाळेत नववी-दहावीसाठी निवड झाली, तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून दरमहा 18,000 रुपये मानधन मिळतं. त्यानंतर नियमित वेतनश्रेणी, मूळ वेतन 38,600 आणि वर भत्ते. मात्र अशा जागा कमी असतात आणि भरती वर्षानुवर्षं रेंगाळते, हे पालकांनी गृहीत धरावं. पुण्यातल्या बहुतेक नव्या नोकऱ्या स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी माध्यमाच्या शाळांत आहेत. तिथे पगार शाळेशाळेप्रमाणे बदलतो आणि करार अनेकदा वर्षाचाच असतो. नेमणूकपत्र हातात घेतल्याशिवाय रुजू होऊ नका. अनुदानित जागा असेल तर शिक्षण विभागाची वैयक्तिक मान्यता आणि पगारासाठी लागणारा शालार्थ आयडी कधी मिळणार, हे आधीच विचारा. आणि जागेसाठी ‘देणगी’ मागणाऱ्याच्या दारातून परत फिरा. घरची जमीन विकून मास्तरकी घेऊ नका.

या वाटेवर थांबावं लागतं, पण तो काळ फुकट जात नाही. सेनापती बापट मार्गावरच्या बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या कामात चालू शिक्षकही असतात. शिक्षक-प्रशिक्षण, भाषांतर, मुलांसाठी लेखन ही दारंही वर्गातल्या अनुभवानेच उघडतात.

पालकांना एकच विनंती आहे. प्रवेश घेण्याआधी मुलीला जवळच्या महापालिकेच्या शाळेत किंवा वस्तीतल्या अभ्यासिकेत दोन महिने इंग्रजी शिकवू द्या. घरी आल्यावर ती मुलांबद्दल आपणहून बोलायला लागली, तर बी.एड.चा अर्ज भरायला तिच्याबरोबर तुम्हीही बसा.