वाडीची शाळा आणि गावाची वर्गणी

शंका : आमच्या ठाकूरवाडीत जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. एकच खोली, तीही गळकी. दुसरी खोली बांधायला गाव आणि मुंबईकर मंडळी वर्गणी काढणार आहेत. सुरुवात कुठून करावी? (कर्जत तालुका)

समाधान : जागेपासून. पावतीपुस्तक नंतर छापा. आधी सातबारा काढून जमीन कुणाच्या नावावर आहे ते पाहा. डोंगराकडच्या बऱ्याच वाड्या वनजमिनीला लागून असतात. जागा वनखात्याची निघाली तरी वाट बंद होत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) नुसार शाळेसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते. हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी, एवढ्या अटी आहेत. तेव्हा पहिला कागद ग्रामसभेच्या ठरावाचा.

दुसरा कागद जिल्हा परिषदेच्या लेखी परवानगीचा. ती गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत मागा आणि बांधकाम विभागाच्या अभियंत्याकडून अंदाजपत्रक करून घ्या. परवानगीविना बांधलेली खोली पुढे कुणाचीच राहत नाही. तिची कौले बदलायलाही कुणी येत नाही.

पैसा कुणा एकाच्या खात्यात नको, तो माणूस कितीही भला असो. शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात भरा. शिक्षणहक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. शासनाकडून वा अन्य कुठूनही आलेल्या निधीच्या वापरावर लक्ष ठेवणे हे तिचे कायद्याने ठरवलेले काम आहे. जमाखर्च दरमहा शाळेच्या भिंतीवर लावा. तुमच्याकडचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर जातो, म्हणून पाया दिवाळीनंतर लगेच घ्या आणि मेअखेर छप्पर पुरे करा.

शंका : कातकरी घरे वर्गणी देत नाहीत. त्यांच्या मुलांना नव्या खोलीत बसवू नये, असे काही जण म्हणतात. (खालापूर तालुका)

समाधान : असे मुळीच करू नका. ही कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. उचल घेऊन जगणाऱ्याच्या हाती रोकड नसते. शिवाय सरकारी शाळेत प्रवेश आणि वर्ग हा त्या मुलांचा हक्क आहे. वर्गणीशी त्याची सांगड घालताच येत नाही. प्रवेशासाठी देणगी घेतली, तर शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 13 नुसार त्या रकमेच्या दहा पटींपर्यंत दंड आहे. न देणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणे तर थेट मुलांनाच लागते.

ज्यांना द्यायचे आहे त्यांच्याकडून भात घ्या, श्रमदान घ्या. सक्ती मात्र नको. भाऊराव पाटलांनी 1919 साली स्थापलेल्या रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहे मूठ-मूठ धान्यावर चालली. तुमच्या शेजारच्या कर्जत तालुक्यात भाई कोतवालांनी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी आणि गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढल्या; 2 जानेवारी 1943 ला ते सिद्धगडावर हुतात्मा झाले. आलेला भात सर्वांसमक्ष मोजा, पावती द्या, विकून रक्कम खात्यात भरा.

शंका : गावचा एक मुलगा अमेरिकेत आहे. त्याचे पैसे चालतील का?

समाधान : त्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसे त्याच्या स्वतःच्या बचतीतले, बँकेमार्फत आलेले असतील, तर चालतील. त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल तर ती परकीय देणगी ठरते. ती केवळ परकीय देणगी कायद्याखाली नोंदलेली किंवा पूर्वपरवानगी मिळालेली संस्था घेऊ शकते. 2020 च्या दुरुस्तीनंतर त्या संस्थेला ती रक्कम पुढे दुसऱ्याला देता येत नाही, म्हणून बांधकामही तिनेच करायला हवे. नातेवाइकाच्या खात्यातून पैसे फिरवून घेण्याचा सल्ला कुणी दिला, तर मानू नका.