अनणसुख : गृहस्थाचे तिसरे सुख



श्रावस्तीच्या जेतवनात अनाथपिंडिक गृहपती भगवान बुद्धांच्या भेटीस आला असता भगवंतांनी त्याला गृहस्थाच्या चार सुखांविषयी उपदेश केला. अंगुत्तर निकायात तो आलेला आहे. घाम गाळून, न्यायाने मिळविलेले धन जवळ असणे हे पहिले सुख. त्या धनाचा स्वतः उपभोग घेणे आणि त्यातून दान करणे हे दुसरे. कोणाचे थोडे वा फार काहीही देणे नसणे हे तिसरे. काया, वाचा व मनाने निर्दोष असणे हे चौथे. पालीत तिसऱ्या सुखाला 'अनणसुख' म्हटले आहे. अनण म्हणजे ज्याच्यावर ऋण नाही तो. आजचा पाठ या तिसऱ्या सुखाचा आहे.

आपल्यातल्या पुष्कळांना वाटते की धम्म म्हणजे वंदना, पंचशील, पौर्णिमेचा उपोसथ आणि विहारातले प्रवचन. घरातली उधारी, सावकाराची चिठ्ठी, फायनान्सवाल्यांचा आठवड्याचा हप्ता यांचा धम्माशी काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. अंगुत्तर निकायातल्याच दुसऱ्या एका सुत्तात भगवंतांनी कर्जाची वाट पायरीपायरीने दाखविली आहे. आधी दारिद्र्य, त्यातून कर्ज, कर्जावर व्याज, व्याज थकले की तगादा, मग पाठलाग आणि शेवटी बंधन. यातली प्रत्येक पायरी संसारी माणसाला दुःख आहे, असे ते भिक्षूंना सांगतात. भिक्षुसंघात उपसंपदा देताना आजही उमेदवाराला जे प्रश्न विचारतात त्यांत एक प्रश्न असतो : तुझ्यावर ऋण नाही ना? कर्ज बुडवून चीवर घालता येत नाही.

आणि आपल्या घरात काय होते ते पाहा. हप्त्याच्या दिवशी दाराची कडी वाजते. आई आत चुलीपाशी असते आणि मुलाला बाहेर पाठविते, "आई घरी नाही म्हणून सांग." सकाळी त्याच मुलाने आईबरोबर हात जोडून खोटे न बोलण्याचे शील घेतलेले असते. मी त्या आईला दोष देत नाही. तिच्यावर ही पाळी कशी आली ते पाहावयाचे आहे. कर्जाने घरातले चौथे शील रोज मोडते आणि ते लहान मुलाच्या तोंडून मोडते, एवढेच मला दाखवावयाचे आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कर्ज घेणे हे पाप नव्हे. १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी पूज्य बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले, तेव्हा नवल भथेना या पारशी मित्राकडून त्यांनी पाच हजार रुपये उसने घेतले होते. पण त्याआधीचा भाग आपण विसरतो. १९१८ सालच्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार महिना साडेचारशे रुपये, म्हणजे त्या काळी चांगलाच. तरी बिऱ्हाड परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांतच राहिले. घरखर्चाला मोजकी रक्कम देऊन उरलेला पैसा ते लंडनच्या शिक्षणासाठी बाजूला टाकीत. आधी काटकसर, मग कमी पडले तेवढेच कर्ज आणि तेही ज्ञानासाठी. आपल्या वहीतली कर्जे या कसोटीवर घासून पाहावीत. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी काढलेले कर्ज आणि वरातीच्या डीजेसाठी काढलेले कर्ज, दोन्हींचा हप्ता सारखाच दिसतो. पण एक पुढे कमावून आणते आणि दुसरे एका रात्रीत वाजून जाते.

आता थोडे गणित करू. कंटाळू नका, सारा धडा येथेच आहे.

समजा, एका घराने शेकडा तीन रुपये दराने पन्नास हजार रुपये काढले. शेकडा तीन ऐकायला लहान वाटते. पण ते महिन्याचे आहे. वर्षाचे ३६ टक्के होतात. पहिल्या महिन्याचे व्याजच १,५०० रुपये. दर महिन्याला दीड हजार देऊन "आपण फेडतो आहोत" असे हे घर समजत असेल, तर दहा वर्षांनीही पन्नास हजारांचे मुद्दल जसेच्या तसे उभे असेल. आता हे घर महिन्याला २,००० देऊ लागले, तर कर्ज फिटायला ४७ महिने लागतात आणि एकूण सुमारे ९३,८०० रुपये जातात. तेच ३,००० दिले, तर २४ महिन्यांत कर्ज फिटते आणि एकूण सुमारे ७०,४०० रुपये जातात. महिन्याला फक्त एक हजार अधिक दिल्याने मुदत जवळजवळ निम्मी झाली आणि तेवीस हजारांहून अधिक रुपये वाचले. असे का होते? व्याजाचे दीड हजार गेल्यावर पहिल्या घराचे फक्त पाचशे रुपये मुद्दलात पडत होते, दुसऱ्याचे दीड हजार पडतात. मुद्दल कमी झाले की पुढच्या महिन्याचे व्याजही कमी होते. म्हणून वाचवलेला हजार रुपया डब्यात ठेवून उपयोग नाही. तो ज्या दिवशी वाचला त्या दिवशी मुद्दलात जमा झाला पाहिजे, आणि जमा करताना "हे मुद्दलाचे" असे सांगून पावती घेतली पाहिजे.

हा हजार रुपया आणायचा कोठून? भगवंतांनी कोलिय कुळातल्या दीघजाणूला गृहस्थाच्या धनाची उपमा तळ्याची दिली आहे. तळ्याला पाणी येण्याच्या वाटा आहेत आणि जाण्याच्याही आहेत. येणाऱ्या वाटा बंद, जाणाऱ्या उघड्या आणि वर पाऊस नाही, तर तळे आटणारच. जाण्याच्या वाटा म्हणून त्यांनी स्त्रीलंपटपणा, दारू, जुगार आणि वाईट संगत ही नावे घेतली आहेत. दारूविषयी मी येथे अधिक लिहीत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला ते सांगावे लागू नये. जुगार मात्र आता मटक्याच्या अड्ड्यावरून मोबाइलमध्ये शिरला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ साली केंद्र सरकारने बंदीचा कायदा केला, तरी घरातल्या तरुणाचा मोबाइल एकदा त्याच्या शेजारी बसून पाहावा. तंबाखूचा हिशेब सोपा आहे. घरातली दोन माणसे रोज वीस-वीस रुपयांची तंबाखू-सुपारी खात असतील, तर महिन्याला बाराशे रुपये झाले. (गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तो कोणत्या टपरीवर मिळतो हे मात्र सर्वांना ठाऊक असते.) आपल्याला हवा असलेला हजार रुपया येथेच सापडतो.

पण मोठी गळती रोजच्या खर्चात नसते. ती समारंभात असते, आणि याविषयी मला जरा कठोर लिहावे लागणार आहे.

दीक्षा घेतल्याबरोबर आपल्या घरातले कितीतरी खर्च एका दिवसात बंद झाले. नवसाचा बकरा गेला, देवीची यात्रा गेली, श्राद्ध-पक्ष गेले, भटजीची दक्षिणा गेली. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पूर्वी एका जागरण-गोंधळाला किती पैसे लागत आणि ते कोणाकडून काढत. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जो धम्म दिला, त्यात विवाह लावायला एक बौद्धाचार्य, तथागत व बाबासाहेबांच्या प्रतिमा, फुले, मेणबत्त्या आणि चार आप्तेष्ट पुरतात. इतका स्वस्त संस्कार आपल्या पूर्वजांना कधी मिळाला नव्हता. मग बंद झालेल्या त्या मोऱ्या आपण दुसऱ्या नावाने पुन्हा का उघडल्या? मंगल परिणय म्हणायचे आणि हजार पानांचे जेवण, बँड, डीजे, दारावर कमान, नवरदेवाला घोडा. जलदान विधी म्हणायचा आणि गावजेवण घालायचे. मेलेल्या बापाच्या नावाने कर्ज काढून पंगत उठविली, तर तेराव्यात आणि यात फरक तो काय राहिला? पाहुणे काय म्हणतील, ही भीती आपल्याला आहे. जुन्या धर्मातल्या देवाची भीती गेली, पाहुण्याची राहिली.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला परिषद भरली, तेव्हा बाबासाहेबांनी स्त्रियांना नीटनेटके राहण्यास सांगताना अंगावरच्या जाडजूड दागिन्यांचा भार टाकण्यास सांगितले होते. आपल्या आज्यांनी ते ऐकले. आज आपण लग्नात सोन्याचा आग्रह धरतो आणि तेच सोने सहा महिन्यांत गहाण पडते.

लग्न ठरविताना दोन्हीकडच्या मंडळींनी विहारात एकत्र बसून खर्चाचा आकडा आधी कागदावर लिहावा आणि खाली सह्या कराव्यात. ज्या वस्तीत दोन-तीन सुखवस्तू घरांनी असे साधे विवाह केले, तेथे गरिबाला लाज वाटत नाही. सुरुवात नोकरदारांनी करावी. गरिबाने साधे लग्न केले तर त्याला कंजूष म्हणतात, साहेबाने केले तर आदर्श म्हणतात. मग साहेबानेच आधी करावे हे बरे.

आता कोठे कात्री लावू नये तेही सांगतो. सिगालाला केलेला उपदेश बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहस्थाच्या विनयात घेतला आहे. त्यात पतीने पत्नीचा मान राखावा असे आहे. आपल्याकडे खर्च कमी करायचा म्हटले की आधी बाईच्या ताटातले दूध-भाजी कमी होते, मग मुलीची शाळा सुटते आणि शेवटी घरधन्याचा तंबाखूचा बटवा शिवला जातो. हा क्रम उलटा पाहिजे. रमाईचे कष्ट आपण गाण्यांतून गातो. पण त्याचा अर्थ आजच्या सुनेने उपाशी राहून नवऱ्याचे कर्ज फेडावे असा लावणे हा रमाईचा अपमान आहे. औषध, शाळेची फी, गरोदर बाईचा आहार आणि मुलांचे दूध यांना हात लावू नये. दीघजाणूच्या त्याच उपदेशात भगवंतांनी उंबर खाणाऱ्याचे उदाहरण दिले आहे. चार फळे खाण्यासाठी जो सारे झाड हलवितो तो उधळ्या. पण त्याबरोबर त्यांनी असेही म्हटले आहे की मिळकत भरपूर असून जो हाल काढून जगतो तो उपाशी मरणाऱ्यासारखा. तराजू धरणाऱ्याने दोन्ही पारडी पाहावीत. काटकसर आणि चिक्कूपणा यांतला फरक बाईच्या ताटावर कळतो.

कर्जे अनेक असतील तर सर्वांची नावे, मुद्दल आणि दर एका पानावर लिहा. ज्याचा दर सर्वांत जास्त, जादा पैसा त्याच्याकडे. बाकीच्यांना ठरलेला हप्ता. शेकडा पाचाचे कर्ज बचत गटाच्या किंवा बँकेच्या कमी दराच्या कर्जाने फेडता आले तर अवश्य फेडा. मात्र जुने खाते त्याच दिवशी बंद झाले पाहिजे, नाहीतर एकाचे दोन सावकार होतात. ज्या घराचे वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत आहे, त्याला बिनतारण दिलेल्या सूक्ष्म कर्जाविषयी रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम केले. सर्व कर्जांचे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होऊ नयेत असे त्यांत आहे, आणि असे कर्ज मुदतीआधी फेडले तर दंड घेता येत नाही. फायनान्सचा माणूस दंडाची गोष्ट काढील तेव्हा हे सांगावे. सावकाराला परवाना लागतो. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाप्रमाणे मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, आणि तक्रार तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडे करता येते. एकट्याने जाऊ नका, विहाराच्या दोन माणसांना बरोबर न्या.

वही कोण लिहील? घरातले सातवी-आठवीतले मूल. त्याला बेरीज येते आणि खोटे लिहायला त्याचा हात धजत नाही. आषाढ पौर्णिमेपासून वर्षावासात रोज संध्याकाळी आपण ग्रंथवाचन करतो. ते झाल्यावर पाच मिनिटे वही उघडावी आणि दिवसाचा खर्च सर्वांसमोर वाचावा. पहिले आठ दिवस घरात भांडणे होतील. होऊ द्यावीत.

शेवटचा हप्ता दिला की नुसते "झाले" या शब्दावर परत येऊ नका. बेबाकीचा दाखला सही-शिक्क्यासह मागून घ्या. सही करून दिलेले कोरे चेक, स्टॅम्प पेपर, गहाण दागिना, जमिनीचा कागद, जे जे दिले होते ते मोजून परत घ्या. चेक फाडण्यापूर्वी त्याचे नंबर वहीत उतरवून ठेवा. आणि पुढच्या महिन्यात हप्त्याची तारीख येईल तेव्हा तेच तीन हजार रुपये घेऊन पोस्टात जा व घरातल्या बाईच्या नावाने खाते उघडा.