बाजार चढतो त्या दिवशी

अगं, एका संध्याकाळी गटासाठी बावीस नावं जमली म्हणून हुरळून जाऊ नकोस. चिप्सवाल्या कंपनीचा माणूस ओट्यावर बसून ठरलेला भाव सांगतो, त्या दिवशी सगळ्याच हो म्हणतात. गट खरा कळतो तो मंचरचा बाजार चढतो त्या दिवशी.

आमच्या सातगाव पठारावरचं पहिलं वर्ष तुला सांगते, मनात ठेव. बटाट्याचा करार झाला, बेणं उधारीवर आलं. एकरी आठ-दहा क्विंटल बेणं लागतं, खर्चातला मोठा घास तोच. ते उधार मिळाल्यावर आम्ही हरखलो. काढणीला बाजार करारापेक्षा वर गेला आणि तिघींनी रातोरात कट्टे भरून मंचरला धाडले. त्यातली एक माझी सख्खी जाऊ! पुढच्या हंगामात कंपनीनं अख्ख्या गटाचं बेणं आखडलं. मी जावेशी बोलणं सोडलं.

चार महिन्यांनी कळलं, तिच्या घरी सोसायटीच्या कर्जाची वसुली दारात उभी होती. कंपनीचे पैसे पंधरा दिवसांनी येणार, बाजारातले त्याच दिवशी. तिनं काय करायचं होतं? गटाकडे चार पैसे असते, तर तिनं आमच्याकडेच हात पसरला असता. म्हणून सांगते, आधी बचत, मग करार. बावीस नकोत, दहा-बारा घे. सहा महिने बैठका, बचत, आपसातलं कर्ज आणि परतफेड चालू दे. कोण शब्दाला पक्की, ते तिथंच दिसतं.

मग कागद. करार मराठीत माग आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच. माल नाकारायचा कशावरून, ते त्यात हवं. उन्हात राहिलेला बटाटा हिरवा पडतो, साखर वाढलेला तळल्यावर काळा पडतो. असा माल कंपनी घेणार नाही, हे रास्तच आहे. पण प्रतवारी बांधावर, आपल्या डोळ्यांदेखत व्हावी. गाडी कारखान्यातून परत आली, तर भाडं कुणाचं? वजनात घट किती धरणार? खरिपाचा बटाटा पावसावर. पावसानं दडी मारली, तर बेण्याचे पैसे कोण सोसणार? विचारायला लाजू नकोस. आणि गटाचा स्वतःचा वजनकाटा घे. तिथं काटकसर नको.

आणखी एक. लावणी, खुरपणी, वेचणी आपली; सही मात्र सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याची. तेव्हा पट्टीचे पैसे कुणाच्या खात्यात जाणार, हे घरात आधी बोलून घ्या. नंतर बोललं की भांडण होतं.

गटाची शेतकरी उत्पादक कंपनी काढायची घाई करू नकोस. कायद्याला दहा उत्पादक आणि पाच संचालक पुरतात, पण पुढं दरवर्षी ऑडिट, सभा, कागदपत्रं येतात. गट दोन हंगाम टिकला की मग बघू.

आज रात्री एवढंच कर. त्या बावीस नावांपुढे प्रत्येकीची नड लिही: कुणाचं कर्ज, कुणाच्या लेकीचं लग्न, कुणाची फी. जिच्यापुढं काही लिहिता येणार नाही, तिच्या ओट्यावर उद्या जाऊन बस. कंपनीचा माणूस थांबेल चार दिवस.