गाडीच्या रंगाला मेण लावावे की सीलंट?



उभ्या उसाच्या कांड्यावरून अंगठा फिरवला की पांढुरकी भुकटी बोटाला लागते. पेराच्या खालच्या अंगाला ती जरा जास्तच असते. ती भुकटी म्हणजे मेण. आतला ओलावा उडू नये आणि बाहेरचे पाणी आत मुरू नये म्हणून उसाने आपली आपणच केलेली ही तजवीज आहे. गाळपात हे मेण रसाबरोबर येते आणि पुढे प्रेसमडमध्ये उतरते. सुक्या प्रेसमडमध्ये शेकडा 5 ते 14 भाग कच्चे मेण असते. मोटारीला लावायचे नावाजलेले मेण मात्र ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या कार्नौबा या ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरून काढतात. काम तेच. पानावरचे पाणी अडवणारे मेण रंगावरचे पाणी अडवते.

आता दारात ट्रॅक्टरशेजारी जीप नाहीतर मोटार उभी असतेच. रंगाच्या रक्षणासाठी दुकानात गेले की दोन डबे पुढे येतात, एक मेणाचा आणि एक सीलंटचा. दुकानदार दोन्हींना 'पॉलिश'च म्हणतो. खरा घोटाळा इथेच होतो. पॉलिशमध्ये घासणारी बारीक पूड असते आणि ती रंगाचा वरचा पातळ थर काढून टाकते. कारखान्यातून आलेल्या मोटारीचा सगळा रंग मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन जाडीचा, म्हणजे डोक्याच्या दोन केसांएवढा. दर महिन्याला पॉलिश मारणारा गडी चकाकीपायी रंगच खरवडत असतो. मेण आणि सीलंट काही काढत नाहीत, वर थर देतात. म्हणून डब्यावर काय लिहिले आहे ते वाचूनच घ्यावे.

कार्नौबा मेण 80 अंशांच्या पुढे वितळते. पण डब्यात ते नुसते नसते, त्यात तेले व इतर मऊ मेणे मिसळलेली असतात. त्याची झळाळी खोल आणि देखणी, यात वाद नाही. टिकते मात्र महिना-दीड महिना, फार तर दोन. उघड्यावर उभ्या गाडीवर त्याहूनही कमी. सीलंट म्हणजे माणसाने बनवलेले पॉलिमर. ते रंगाला घट्ट धरते आणि नीट लावले तर चार ते सहा महिने राहते. चकाकी थोडी काचेसारखी, कोरडी वाटते. कपडे धुण्याच्या सोड्याने किंवा पावडरीने गाडी धुतली तर मेण लवकर सुटते. सीलंट त्यापेक्षा जास्त दम धरते, पण सोड्यापुढे तेही कायमचे टिकत नाही.

आपल्या दोन जिल्ह्यांत निवड कोणत्या बाजूला राहता त्यावर ठरते. महाबळेश्वराला वर्षाला 5,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस, पाटणच्या डोंगराकडेही धो धो. तिकडच्यांनी मे महिन्यातच सीलंट लावून मोकळे व्हावे, म्हणजे पावसाळा निघतो. माण, आटपाडी, जतकडे पाऊस थोडा, पण ऊन कडक आणि पाणी बोअरचे. क्षाराचे पांढरे ठिपके बॉनेटवर वाळून बसतात. तिथेही सीलंटच बरे, आणि धुतल्यावर गाडी उन्हात वाळू न देता लगेच पुसून घ्यावी. तासगावकडे द्राक्षाच्या फवारणीचे बोर्डो मिश्रण गाडीवर उडते. ते त्याच दिवशी पाण्याने काढावे. मग मेण कोणी लावावे? ज्याची मोटार शेडमध्ये असते आणि ज्याला रविवारी तासभर हात चालवायची हौस आहे त्याने. दोन्ही हवे असेल तर आधी सीलंट, एक दिवस जाऊ द्यावा, मग मेण. उलटे केले तर मेणावर सीलंट धरत नाही, पैसे वाया.

यापेक्षा मोठी गोष्ट राखेची. हंगामात कारखान्याच्या आसपास आणि गव्हाणीच्या रांगेत उभ्या गाड्यांवर बगॅसची राख बसते. तिच्यात सिलिका भरपूर, म्हणजे वाळूचाच प्रकार. ती कोरड्या फडक्याने झटकली की रंगावर बारीक गोल ओरखडे उठतात. ते उन्हात दिसतात, आणि त्यांवर मेण वा सीलंट चालत नाही. म्हणून आधी पाण्याचा भरपूर मारा, मग साबणपाणी, मग स्वच्छ मऊ कापड. उसाचा रस सांडला असेल तर तो वाळण्याआधी धुवावा.

डिझेल-ऑइलचा हात मारून गाडी चमकवायची खोड आपल्याकडे जुनी आहे. दोन दिवस झकास दिसते, मग धूळ चिकटते, रबर फुगते, आणि तेलकट रंगावर सीलंट बसत नाही.

लावण्याआधी हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून धुतलेल्या बॉनेटवरून फिरवा. खरखर लागली तर मळ अजून रुतलेला आहे, आधी तो काढा. सावलीत, थंड पत्र्यावर, अगदी पातळ हात द्यावा. जाड थराने टिकाव वाढत नाही, पुसताना जीव जातो. सीलंट लावल्यावर दिवसभर गाडीला पाणी लागू देऊ नये. पुढे पाणी मारले की मणी होऊन घरंगळते तोवर थर आहे. पाणी पसरून बसू लागले की पुन्हा लावायची वेळ झाली.

ट्रॅक्टरचा रंग खडूसारखा बोटाला लागत असेल तर एकदाच हलके पॉलिश, मग सीलंट. ट्रॉलीला मात्र यांतले काहीच लावू नका. तिचा गंज तारेच्या ब्रशने काढा, रेड ऑक्साइडचा हात द्या आणि वरून ऑइलपेंट मारा.