मिक्सर, पण चटणीचा नव्हे!

'मिक्सर' म्हटलं की आपल्याकडे पहिली आठवते ती ओल्या खोबऱ्याची चटणी. "मी मिक्सर शिकतोय" असं घरी सांगितलं तेव्हा आईनेही मोठ्या कौतुकाने माझ्याकडे पाहिलं होतं. तर मंडळी, हा तो मिक्सर नव्हे. हा गणपतीत, हळदीत किंवा आपल्या गॅदरिंगमध्ये स्टेजच्या बाजूला टेबलावर असतो. त्याच्यावर लाल-निळ्या-पांढऱ्या बटणांची दाटी असते आणि मागे एक वैतागलेला माणूस बसलेला असतो. त्या माणसाकडे बघून अख्खं पब्लिक एकच खूण करतं, अंगठा वर. म्हणजे "आवाज वाढव!" हा लेख त्या अंगठ्याच्या विरोधात आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मी राहतो ठाण्यात, कोलशेतला. एका बाजूला खाडी, मधे जुनं गाव, आणि कोलशेत रोडला पूर्वी जिथे केमिकल कारखाने होते तिथे आता उंच टॉवर. गावातली भजनं मात्र अजून चालू आहेत. आमच्या आळीतल्या भजनी मंडळाचं साउंड हल्ली मी बघतो. आमचे बुवा सत्तरी ओलांडलेले. सूर पक्का, पण आवाज आता बारीक झालाय. आणि त्या बारीक आवाजासमोर आठ-दहा टाळ, एक पखवाज आणि कोरसला दहा धट्टीकट्टी माणसं! मागे बसणाऱ्या बायकांची तक्रार एकच, "बुवा काय म्हनतात तं कलतच नाय." अभंगाचे शब्दच कळले नाहीत तर उरतो तो नुसता ठेका. त्यासाठी कुणी रात्री दोन तास मांडी घालून कशाला बसेल?

यावर मंडळाने एकमताने ठरवलेला उपाय म्हणजे मोठा ॲम्प्लिफायर. वर्गणीचा आकडासुद्धा ठरला होता. इथे आपलं इंजिनिअरिंग कामाला येतं (कधीतरी यावं की नाही?). पॉवर दुप्पट केली की वाढतात फक्त ३ डीबी. १०० वॅटचा ॲम्प काढून २०० वॅटचा लावला तर कानाला जेमतेम फरक कळतो. आवाज 'दुप्पट' वाटायला साधारण १० डीबी लागतात, म्हणजे दहापट पॉवर, म्हणजे १००० वॅट! आणि एवढं करूनही बुवांच्या आवाजाबरोबर टाळ तितकाच वाढणार. आधी जे झाकलं जात होतं ते झाकलेलंच राहणार, फक्त जास्त जोरात. शिवाय शेजारच्या आळीत एक आजोबा अंथरुणाला खिळलेले, आणि दोन घरं सोडून बारावीची परीक्षा.

मिक्सर मी शिकलो ढोकाळीच्या एका साउंडवाल्या दादाकडे. रविवारी त्याच्या गोडाऊनवर जायचं, केबल गुंडाळायच्या, आणि मधल्या वेळात प्रश्न विचारायचे. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "बाला, बटणं शंभर दिसतात, पण आहेत दहाच. बाकी सगळी त्यांचीच कॉपी." अगदी खरं आहे. मिक्सर आडवा बघितला की भीती वाटते, तो उभा बघायचा. एक उभी पट्टी म्हणजे एक चॅनल, एका माईकचा रस्ता. सिग्नल वरून शिरतो आणि घसरत खाली येतो. एक पट्टी समजली की बारा चॅनलचा मिक्सर समजला.

सगळ्यात वर असतं सॉकेट. माईकच्या केबलला तीन पिना असतात. एक ग्राउंड आणि दोन सिग्नलच्या, त्यातल्या एकीवर सिग्नल सुलटा आणि दुसरीवर उलटा. मिक्सर या दोघांतला फरक घेतो. वाटेत लायटिंगच्या वायरीतून शिरलेली घरघर दोन्ही तारांत सारखीच असल्यामुळे वजा होते. ऑप-ॲम्पच्या व्हायवात 'सीएमआरआर म्हणजे काय' हे ज्यांना विचारलं गेलं असेल त्यांनी इथे एक उसासा सोडावा. हेच ते. बॅलन्स्ड केबल पन्नास मीटर नेली तरी चालते ती याच्या जिवावर, आणि गिटारची साधी दोन तारांची केबल तेवढी लांब नेली की गुणगुणायला लागते.

सॉकेटखाली गेन. सगळ्या पट्टीत हे एकच बटण नीट समजलं तरी निम्मं काम झालं. साध्या डायनॅमिक माईकमध्ये जवळून बोललं की मिळतात जेमतेम दोन मिलिव्होल्ट. मिक्सरला पुढे काम करायला लागतो साधारण सव्वा व्होल्ट. म्हणजे सहाशेपट वाढ, ५५ डीबीच्या वर, आणि ती बहुतेक सगळी या एका बटणावर! गेन कमी ठेवून खालचा फेडर टोकाला नेला तर सिग्नलबरोबर मिक्सरची स्वतःची सळसळही वाढते. गेन जास्त ठेवला तर सिग्नलचं डोकं वर आपटतं आणि सपाट होतं, यालाच क्लिपिंग म्हणतात. एकदा इथे चपटा झालेला आवाज पुढचं कुठलंच बटण गोल करू शकत नाही.

गेन लावायचा कसा? चॅनलचं पीएफएल बटण दाबायचं, म्हणजे मीटरवर तो एकच चॅनल दिसतो. माणसाला गायला लावायचं. गेन वाढवत मीटर शून्याच्या आसपास आणायचा. लाल दिवा अजिबात पेटता कामा नये. पण गंमत अशी की टेस्टिंगला सगळे "हॅलो हॅलो, वन टू थ्री" एवढंच म्हणतात आणि तेही लाजत लाजत. गजराला तोच माणूस त्याच्या कितीतरी पट जोरात सुटतो. म्हणून मी आमच्या मंडळींकडून टेस्टिंगला सरळ गजरच म्हणवून घेतो. रूपाच्या अभंगावर गेन लावलात तर गजराला लाल दिवा नक्की!

आता बुवांकडे येऊ. त्यांचा माईक स्टँडवर, तोंडापासून वीतभर लांब, म्हणजे वीसेक सेंटिमीटर. का, तर "माईक जवळ आला की तोंड दिसत नाही" म्हणून! उघड्यावर आवाजाचा नियम सोपा आहे. अंतर दुप्पट झालं की ६ डीबी कमी, निम्मं झालं की ६ डीबी जास्त. वीसचे दहा सेंटिमीटर केले की ६ डीबी, दहाचे पाच केले की आणखी ६. एकूण १२ डीबी, म्हणजे सोळापट पॉवरच्या बरोबरीचे. तुम्ही म्हणाल की १२ डीबी तर गेनचं बटण फिरवूनही मिळतात. मिळतात, पण बटण सगळंच वाढवतं. बुवा, टाळ, पखवाज, समोरच्या स्पीकरमधून माईकमध्ये परत शिरणारा आवाज, अगदी पंख्याची घरघरसुद्धा. माईक जवळ आणला की वाढतात ते फक्त बुवा, कारण टाळ माईकपासून दीड मीटरवर होता तो दीड मीटरवरच राहिला. हा फरक कळायला मला महिनाभर लागला. माझ्या मते मिक्सर शिकण्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, आणि ती मिक्सरवर नाहीच!

दुसरं, टाळांसमोर लावलेले दोन माईक आम्ही सरळ काढून टाकले. टाळाला माईक कशासाठी? तो तसाच खाडीपलीकडे ऐकू जातो. त्यातून एक जास्तीचा फायदा झाला. उघडे माईक जितके जास्त, तितकी शिट्टी लवकर. माईकची संख्या निम्मी केली की ३ डीबीची जागा मोकळी होते.

शिट्टीचं गणितही आपल्याला ठाऊक आहे, फक्त आपण ते ऑसिलेटरच्या चॅप्टरमध्ये सोडून आलो. माईकमधून आवाज मिक्सरमध्ये, तिथून ॲम्प, स्पीकर, हवेतून परत माईक. हा झाला लूप. कुठल्याही एका फ्रिक्वेन्सीला या लूपचा गेन एक झाला आणि फेज जुळली, की बार्कहाउझनसाहेब हजर! माईक वाईट आहे, मिक्सर डुप्लिकेट आहे अशी चर्चा सुरू होते, पण बहुतेक वेळा स्पीकर माईकच्या मागे लागलेला असतो. स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला न्यायचे. गाणाऱ्यासाठी मॉनिटर हवा असेल तर साध्या कार्डिऑइड माईकच्या बरोबर शेपटीसमोर ठेवायचा, कारण तिथे त्याला सगळ्यात कमी ऐकू येतं. आणि सूत्रसंचालक माईकची जाळी मुठीत धरतात ना, स्टाइल म्हणून, त्यांना प्रेमाने सांगा. जाळी झाकली की माईकची दिशाच मरते आणि तो चहूबाजूंनी ऐकायला लागतो.

पट्टीवर पुढे येतो लो-कट, साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापणारं छोटं बटण. गाणाऱ्या आणि बोलणाऱ्या प्रत्येक माईकवर ते बिनधास्त दाबा. तिथे गाणं नसतंच, असतो तो पायांचा दणका आणि वारा. बुवांच्या बाबतीत तर ते हवंच, कारण माईक तोंडाजवळ आला की खर्ज उगाच फुगतो. त्याच्याखाली हाय, मिड, लो अशी इक्वलायझरची बटणं. इथे नवशिक्याचा हात आपोआप उजवीकडे वळतो. जरा डावीकडे वळवून बघा. बुवांचे शब्द कळेनात तेव्हा मी त्यांची ट्रेबल वाढवली नाही. त्यांच्या पेटीचा मिड थोडा उतरवला आणि कोरसच्या माईकचा फेडर खाली घेतला. मराठीतले स, च, ट, त हे व्यंजनांचे आवाज २ किलोहर्ट्झच्या वर बरेच असतात. पेटी तिथेच बसून होती, ती जरा सरकली आणि शब्दांना जागा झाली.

ऑक्स म्हणजे मॉनिटरला किंवा इकोला पाठवायची वेगळी नळी. (अभंगाला इको कमीच बरा. शब्द एकमेकांवर चढतात.) पॅन म्हणजे डावं-उजवं, आणि मांडवात त्याचा उपयोग शून्य, मधे ठेवून विसरा. तळाला फेडर. त्यावर शून्याची खूण असते. गेन नीट लावला असेल तर फेडर त्याच्या आसपास बसतो आणि बोट बारीक हलवलं तरी फरक कळतो.

एक गोष्ट गंमतीत घेऊ नका, ती म्हणजे अर्थिंग. मिक्सर एका सॉकेटवर, कीबोर्डवाल्याचा ॲम्प लांबच्या दुसऱ्या सॉकेटवर असला की ५० हर्ट्झची घूं सुरू होऊ शकते. मग कुणीतरी 'जाणकार' प्लगची अर्थची पिनच काढून टाकतो. घूं थांबते खरी, पण ओल्या मांडवात, भादव्याच्या पावसात, हातात लोखंडी माईक धरलेल्या माणसाचा जीव त्या पिनेवर असतो. सगळं साउंड एकाच ठिकाणाहून घ्या, नाहीतर कीबोर्डला डीआय बॉक्स लावून त्यावरचा ग्राउंड लिफ्ट वापरा. प्लगला हात लावू नका.

आता अंगठ्याचं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डीबी आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद (वर्षातले सरकारने ठरवलेले काही दिवस सोडून, तेही बारापर्यंतच). ठाण्याचेच डॉ. महेश बेडेकर या प्रश्नावर हायकोर्टात गेले होते. त्यांच्या याचिकेवर २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने हे नियम कडक पाळण्याबद्दल सविस्तर निकाल दिला. पण कायदा बाजूला ठेवला तरी कान आपलेच आहेत. कामगारांसाठी मानली जाणारी मर्यादा ८५ डीबीला आठ तास अशी आहे, आणि पुढच्या प्रत्येक ३ डीबीला वेळ निम्मा. १०० डीबीला उरतात फक्त १५ मिनिटं. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीसमोर आपण किती वेळ नाचतो ते ज्याचं त्याने मोजावं. माझा दादा पस्तिशीचा आहे आणि त्याच्या डाव्या कानात सतत शिट्टी वाजते. ती कुठल्याही फेडरने खाली येत नाही.

मोठा ॲम्प आलाच नाही. जुन्याच ॲम्पवर, मास्टर आधीपेक्षा खाली ठेवून, मागच्या रांगेतल्या बायका आता बुवांच्या मागोमाग शब्द म्हणतात. वर्गणी उरली त्यातून एक चांगला बूम स्टँड आला, कारण बुवा गाताना डोलतात आणि साध्या स्टँडवर पाच सेंटिमीटर टिकत नाहीत. अंगठे अजून वर होतात, नाही असं नाही. मग मी एक फेडर हळूच खाली घेतो, बहुतेक वेळा पेटीचा, आणि अंगठेवाले खूश होतात!

बंद करताना क्रम लक्षात ठेवा. सुरू करताना मिक्सर आधी, ॲम्प शेवटी. बंद करताना ॲम्प आधी, मिक्सर नंतर, नाहीतर स्पीकरमधून धाडकन आवाज येतो आणि पाळण्यातली पोरं उठतात. केबल कोपराभोवती गुंडाळू नका, आतली तार पिळून तुटते. एक वेटोळं सुलटं, एक उलटं, असं हातात घ्यायचं. आठ केबलना दहा मिनिटं लागतात, म्हणून शेवटचा गजर पावणेदहाला संपवायचा, हे बुवांना आधीच सांगून ठेवा.