ऱ्होड्स : एक बंदर व त्याचा न्याय
(द्वितीय वर्ष कला)

आमच्या कोकणात 'अमक्याचा मुलगा बोटीवर आहे' एवढे म्हटले की पुढे कोणी काही विचारीत नाही. माझे मामा भूमध्य समुद्रात फिरणाऱ्या एका प्रवासी जहाजाच्या स्वयंपाकघरात काम करतात. पण ती बोट कोठल्या बंदराला लागते, याची चौकशी आमच्या घरात कधी झाली नव्हती. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. म्हणून गेल्या सुट्टीत मी त्यांना विचारले. "सकाळी ऱ्होड्सला लागायचं, संध्याकाळी सुटायचं," एवढेच ते म्हणाले. त्या एका दिवसात प्रवाशाला काय दिसते व काय निसटते, हे पुस्तके आणि नकाशा समोर ठेवून तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

नगर आणि त्याचे धनी

ऱ्होड्स हे ग्रीसच्या आग्नेय टोकाचे बेट. लिंडोस, इयालिसोस व कामिरोस या तीन नगरांनी एकत्र येऊन इ. स. पू. ४०८ मध्ये बेटाच्या उत्तर टोकाशी हे बंदर वसविले. इ. स. पू. ३०५ मध्ये डिमिट्रियसने त्याला वेढा घातला. वर्षभराने वेढा उठला, तेव्हा त्याने मागे टाकलेली युद्धयंत्रे विकून नागरिकांनी सूर्यदेव हेलिओसचा सुमारे ३३ मीटर उंच ब्राँझचा पुतळा उभारला. हाच प्राचीन सात आश्चर्यांतील 'कलोसस'. तो साठ वर्षांच्या आतच भूकंपात कोसळला. बंदराच्या दोन बाजूंना पाय रोवून तो उभा होता व खालून गलबते जात, हे चित्र मात्र पुढील काळातील कल्पना होय.

आज धक्क्यावर उतरताच समोर येतो तो निराळाच काळ. सुमारे चार किलोमीटर लांबीचा तट व सरदारांची दगडी गल्ली ही सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांची कामगिरी. १५२२ मध्ये सुलतान सुलेमानने नगर घेतले, १९१२ मध्ये इटलीने, आणि १९४७ मध्ये ते ग्रीसकडे आले. धर्मयोद्ध्यांच्या प्रमुखाचा भव्य वाडा पाहून प्रवासी थक्क होतात. परंतु मूळ वाडा १८५६ मध्ये दारूच्या स्फोटात उद्ध्वस्त झाला होता. आज दिसतो तो बव्हंशी इटालियनांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पुन्हा बांधलेला आहे. १९८८ मध्ये युनेस्कोने या जुन्या नगराला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

दगडाहून टिकाऊ

माझ्या मते ऱ्होड्सची सर्वांत टिकाऊ वास्तू दगडाची नाही. वादळात जहाज वाचविण्यासाठी एका व्यापाऱ्याचा माल समुद्रात फेकावा लागला, तर त्याचे नुकसान त्याने एकट्याने सोसू नये. ज्यांचा माल वाचला त्या सर्वांनी ते वाटून घ्यावे, असा हा नियम. रोमनांनी तो 'ऱ्होड्सचा कायदा' म्हणून स्वीकारला आणि इ. स. ५३३ मध्ये जस्टिनियनच्या 'डायजेस्ट' या संग्रहात तो नोंदला गेला. आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यातही 'जनरल ॲव्हरेज' या नावाने तो आहे. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' हे जहाज अडकले. त्यावरील २५ खलाशी भारतीय होते. ते सुटल्यावर मालकांनी याच नियमाचा आधार घेऊन मालधन्यांकडे खर्चाचा वाटा मागितला.

हाच न्याय बंदराला लावून पाहू. हजारो प्रवासी एका सकाळी अरुंद गल्ल्यांत उतरतात व संध्याकाळी निघून जातात. पाणी, कचरा व गर्दी यांचा भार मात्र गावावर राहतो. ग्रीस सरकारने जुलै २०२५ पासून जहाजाने येणाऱ्या प्रवाशांवर कर बसविला. ऐन हंगामात सांतोरिनी व मिकोनोस येथे माणशी २० युरो आणि इतर बंदरांत ५ युरो, असे त्याचे दर ठरले. कर पुरेसा की अपुरा, यावर मतभेद होतील. तत्त्व मात्र जुनेच आहे. ज्याने लाभ घेतला, त्याने भार उचलावा.

न भरलेला वाटा

मात्र एका ठिकाणी हा हिशेब थांबतो. नगराच्या पूर्व भागात ज्यू मोहल्ला होता. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलल्या गेलेल्यांचे वंशज तेथे लादिनो भाषा बोलत राहत होते. त्यांचे १५७७ चे सिनॅगॉग आजही उभे आहे. जुलै १९४४ मध्ये जर्मनांनी ऱ्होड्स व शेजारच्या कोस बेटावरील सुमारे सतराशे ज्यूंना पडावांत कोंबून पिरेयसला व तेथून ऑशविट्झला पाठविले. वाचले ते सुमारे दीडशे. तुर्की वाणिज्यदूत सेलाहत्तिन उल्कुमेन यांनी तुर्की नागरिकत्वाचा आधार घेऊन चाळीसहून अधिक जणांना सोडविले, म्हणून ते तेवढे तरी बचावले.

येथे कोणाचे जहाज वाचवायचे नव्हते. माणसे फेकली गेली आणि त्यांची भरपाई कोणताही कायदा करू शकत नाही. हुतात्मा ज्यूंच्या नावाचा चौक धक्क्यापासून पायी थोड्याच अंतरावर आहे. तेथील स्मारक वाचायला पाच मिनिटे पुरतात. एका दिवसाच्या पाहुण्याने निदान तेवढा वाटा उचलावा, असे हा अभ्यास करताना मला प्रकर्षाने वाटले.