सीमापार वीजव्यवहार : नेपाळचे पाणी, शेजाऱ्यांची गरज

वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणे खर्चाचे असते. ती निर्माण होते त्याच क्षणी तिला ग्राहक मिळावा लागतो. नेपाळला ही अडचण विशेष जाणवते. तेथील बहुतेक जलविद्युत केंद्रे मोठ्या जलाशयांवर नव्हे, तर नदीच्या वाहत्या प्रवाहावर चालतात. पावसाळ्यात गरजेहून अधिक वीज मिळते. हिवाळ्यात मात्र प्रवाह रोडावून निर्मिती एक-तृतीयांशाच्या जवळपास येते. ग्राहक नसल्यास पावसाळ्यातील पाणी यंत्रांवर न घालताच सोडून द्यावे लागते. याउलट २००८ नंतरच्या काही हिवाळ्यांत नेपाळी जनतेने दिवसातील निम्म्याहून अधिक वेळ भारनियमन सोसले.

या असमतोलावर शेजाऱ्यांशी देवाणघेवाण हा उपाय आहे. त्यासाठी प्रथम वाहिनी हवी. ढल्केबर ते मुझफ्फरपूर ही उच्चदाब वाहिनी २०१६ मध्ये सुरू झाली व पुढे ४०० किलोव्होल्ट दाबाने चालू लागली. भारतातील जाळेही एकसंध असणे आवश्यक होते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले, तेव्हा ते काम पूर्ण झाले.

केवळ तारा पुरेशा नाहीत. व्यवहाराचे नियमही लागतात. भारतीय वीज बाजारात दुसऱ्या दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडतात आणि प्रत्येक भागासाठी खरेदी-विक्रीच्या बोलींचा मेळ घालून दर ठरवितात. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्रिशूली व देवीघाट या केंद्रांच्या ३९ मेगावॉट विजेला या बाजारात विक्रीची अनुमती मिळाली. ही दोन्ही केंद्रे भारताच्या साहाय्याने उभारलेली आहेत.

पुढचे पाऊल तीन देशांचे होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी झालेल्या त्रिपक्षीय करारानुसार नेपाळची ४० मेगावॉट वीज भारतीय जाळ्यातून बांगलादेशाला पावसाळी पाच महिने मिळावयाची आहे. बांगलादेशाची वीजनिर्मिती मुख्यतः नैसर्गिक वायूवर अवलंबून असल्याने तेवढे इंधन वाचते. प्रमाण अल्प असले, तरी तिसऱ्या देशाच्या भूमीवरून वीज नेण्याची रीत पडली, हे महत्त्वाचे.

मात्र या व्यवहाराची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागेल. भारताच्या परवानगीविना नेपाळला विक्री करता येत नाही आणि कोणत्या केंद्राची वीज घ्यावयाची, याच्या अटी भारत ठरवितो. शिवाय हिवाळ्यात नेपाळ भारताकडून जी वीज घेतो, तिचा मोठा भाग कोळशापासून तयार होतो. पावसाळ्यात जेवढा धूर वाचतो, त्यातून हिवाळ्यातील धूर वजा केल्यावरच खरा लाभ कळेल. दिवसा भारताची सौरवीज घेऊन, जेथे थोडेबहुत पाणी अडविता येते तेथे ते सायंकाळसाठी राखल्यास हा लाभ वाढेल. सहकार्याची खरी कसोटी हिवाळ्यातच आहे.